वितळण्याचं सिम्युलेशन: चित्र जुळतंय, पण त्यावर विश्वास ठेवू का?

अर्धद्रव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

पदार्थ वितळताना आणि गोठताना घन आणि द्रव यांच्यातली सीमा कशी सरकते, याचं संगणकावर गणित मांडणं हा माझा संशोधनाचा विषय. सुरुवातीला हात बसावा म्हणून या क्षेत्रात बहुतेक जण घेतात तोच गॅलियमचा प्रयोग घेतला. गाऊ आणि विस्कांटा यांनी तो १९८६ साली प्रसिद्ध केला. ८.८९ सेंमी लांब आणि ६.३५ सेंमी उंच पेटी, आत घन गॅलियम. एका बाजूची भिंत ३८ अंश सेल्सिअसवर, समोरची २८.३ वर. गॅलियमचा द्रवणांक २९.७८, म्हणजे गरम भिंतीकडून वितळायला लागतं. २, ६, १०, १९ मिनिटांनी सीमा कुठे होती याचे आलेख आहेत, त्यांच्याशी आपलं उत्तर ताडून पाहायचं.

कोड मी स्वतः पायथनमध्ये लिहिलाय. अप्रकट उष्मा वेगळा न ठेवता विशिष्ट उष्म्यातच मिसळलाय. द्रवणांकाभोवती अर्ध्या अंशाचा पट्टा धरला आणि त्या पट्ट्यापुरता विशिष्ट उष्मा फुगवला. गॅलियमचा अप्रकट उष्मा ८०.१६ किलोज्यूल प्रति किलो आणि विशिष्ट उष्मा जेमतेम ०.३८, त्यामुळे पट्ट्यात तो चारशेपटीहून जास्त होतो. घन भागातला प्रवाह थांबवण्यासाठी संवेगाच्या समीकरणात नेहमीचं रोधाचं पद घातलंय, त्यातला स्थिरांक 'सी'.

अडचण अशी. १९ मिनिटांपर्यंत माझं गॅलियम प्रयोगापेक्षा बरंच जास्त वितळतं. मेश, म्हणजे पेटीचे छोटे चौकोन (सेल) पाडणारी जाळी, बारीक केली की सीमा हलते. टाइम स्टेप, म्हणजे गणित वेळेत पुढे सरकतं ते पाऊल, बदलली की हलते. 'सी' एक लाखावरून दहा कोटींवर नेला की हलते. 'सी' योग्य तेवढा फिरवला तर मात्र चित्र हुबेहूब जुळतं. मार्गदर्शक म्हणतात, जुळलं ना, मग पुढच्या प्रकरणाला लाग. माझं मन धजत नाहीये. एकच आकडा फिरवून जुळवलेल्या उत्तरावर पुढची दोन वर्षं कशी उभी करू?

तुम्ही अशा सिम्युलेशनवर विश्वास ठेवण्याआधी काय काय तपासता?

---

काजवा

विषय आवडला, पण मी यातला नाही, म्हणून आधी अगदी मुळातलं विचारतो. उष्णता आत गेली, तापमान वाढलं, द्रवणांक आला, वितळलं. यात एवढं अवघड काय आहे?

---

खडूफळा

काजवा, छान प्रश्न. अवघड दोन ठिकाणी आहे.

पहिलं म्हणजे वितळताना तापमान वाढतच नाही. एक किलो बर्फ शून्य अंशावर आहे. त्याचं शून्य अंशाचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापवता येतं. एवढी प्रचंड उष्णता पोटात जाते आणि तापमापी ढिम्म हलत नाही. म्हणजे नुसतं तापमान पाहून किती वितळलं ते कळत नाही.

दुसरं म्हणजे समीकरण कुठल्या जागेत सोडवायचं तेच आधी ठाऊक नसतं. घन कुठवर आणि द्रव कुठून, हेच तर शोधायचंय. ती सीमा उष्णतेमुळे सरकते आणि ती सरकली की उष्णतेची वाटही बदलते. म्हणून याला सरकत्या सीमेचं गणित म्हणतात. लामे आणि क्लापेरों यांनी १८३१ मध्ये यावर काम केलं. पुढे योझेफ स्टेफन यांनी ध्रुवीय समुद्रातल्या बर्फाच्या वाढीसाठी हे गणित १८८९ च्या सुमारास मांडलं आणि त्यांचंच नाव चिकटलं.

हातानं करून बघण्यासारखा हिशेब देतो. पाणी शून्य अंशावर आहे, वरचा पृष्ठभाग उणे १० वर धरून ठेवलाय. बर्फाची जाडी = वर्गमूळ (२ × उष्णतावाहकता × तापमानातला फरक × वेळ ÷ (घनता × अप्रकट उष्मा)). वाहकता २.२, घनता ९१७. पहिल्या चोवीस तासांत सुमारे ११ सेंमी बर्फ होतो. पण २२ सेंमी व्हायला दोन दिवस नाही, चार दिवस लागतात. जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, कारण झालेला बर्फच पुढच्या उष्णतेची वाट अडवतो.

---

शून्यखाली

खडूफळा सरांच्या हिशेबाला माझी एक पुरवणी. खऱ्या तळ्यावर एवढा बर्फ एका दिवसात होत नाही. पृष्ठभाग हवेच्या तापमानाला नसतो, आणि वर भुसभुशीत हिम पडलं की ते पांघरुणासारखं काम करतं. हिमाची वाहकता बर्फाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सूत्र चुकलेलं नसतं, आपण दिलेलं सीमेवरचं तापमान चुकलेलं असतं.

पाण्याची आणखी एक खोड सांगते, कारण मी तिच्यात महिनाभर अडकले होते. बंद पेटीत एका बाजूला बर्फ, समोरची भिंत ४ अंशांवर. माझ्या सिम्युलेशनमध्ये बर्फ वरच्या बाजूनं जास्त वितळायचा. रेसिड्यूअल (समीकरण सुटताना उरलेली चूक) उत्तम, मेश बदलून पाहिली तरी उत्तर जागचं हलत नव्हतं. तरीही ते साफ चूक होतं. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं हे शाळेत पाठ केलेलं, आणि सॉल्व्हरमध्ये मात्र मी घनता तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरणारी दिली होती. खरं तर ४ अंशांचं पाणी भिंतीलगत खाली जातं, तळातून बर्फापर्यंत पोचतं आणि बर्फ खालून जास्त खातं. माझ्या संगणकातलं पाणी बरोबर उलटं फिरत होतं.

तेव्हा अर्धद्रव, मेश बारीक केल्यावर उत्तर स्थिर झालं तर चुकीचं समीकरण नीट सुटलं, इतकाही त्याचा अर्थ असू शकतो.

---

सेलमागूनसेल

अर्धद्रव, 'सी'ला हात लावू नका. मेशलाही नका. आधी उष्णतेचा जमाखर्च मांडा.

गरम भिंतीतून एकूण किती ज्यूल आत आले, थंड भिंतीतून किती बाहेर गेले, दोन्ही प्रत्येक टाइम स्टेपला मोजून बेरीज करत जा. दुसरीकडे शेवटच्या क्षणी पेटीत किती साठलं ते काढा: प्रत्येक सेलचं तापमान सुरुवातीपेक्षा किती वाढलं त्याची उष्णता, अधिक जेवढं वितळलं त्याचा अप्रकट उष्मा. दोन्ही आकडे जुळायलाच हवेत. वरवरचे नाही, अगदी एक टक्क्याच्या आत.

माझा अंदाज, तुमचे जुळणार नाहीत. तुमचा पट्टा २९.५३ ते ३०.०३. समजा एक सेल आत्ता २९.५ वर आहे, पट्ट्याच्या किंचित खाली. कोड तिला साधा विशिष्ट उष्मा देतो. पुढच्या पावलाला ती ३०.१ वर जाते. झालं! सेल अख्खा पट्टा ओलांडून पलीकडे, आणि वाटेतले ८० किलोज्यूल प्रति किलो तिनं भरलेच नाहीत. आता ती द्रव म्हणून गणली जाते. अशा शेकडो सेल फुकटात वितळल्या की सीमा प्रयोगाच्या पुढे धावणारच. टाइम स्टेप बदलली की उडी मारणाऱ्या सेल बदलतात, म्हणून उत्तरही बदलतं.

पट्टा रुंद केला तर उड्या कमी होतील, पण मग शुद्ध धातू तीन अंशांच्या पट्ट्यात वितळायला लागेल. तो इलाज नव्हे.

---

ओतकाम_जाणता

मी पुस्तकी माणूस नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामात आयुष्य गेलं, गेली काही वर्षं सिम्युलेशनही बघतो. माझं मत थोडं वेगळं आहे. आकडा फिरवून जुळवणं यात मला पाप वाटत नाही.

कारण सांगतो. साच्यात धातू ओतला की पहिल्यांदा तो साच्याला घट्ट चिकटून असतो, उष्णता भराभर जाते. कड गोठली की ओतीव वस्तू आकसते आणि साच्यापासून सुटते. मध्ये हवेची फट. ती फट केसाएवढी का असेना, उष्णता जाण्याचा वेग एकदम पडतो. हा उष्णता-संक्रमणाचा गुणांक कुठल्याही तक्त्यात बघून लावता येत नाही. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावायचे, खरी वस्तू ओतायची, तापमानाच्या वक्राशी जुळेपर्यंत गुणांक फिरवायचा. दुसरा मार्ग मी तरी पाहिलेला नाही.

एकदा जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात अशा सांध्यात सिम्युलेशननं सगळं स्वच्छ दाखवलं होतं. वस्तू कापली तर आत पोकळी. हातात धरून पाहिली, आतली भिंत गुळगुळीत नव्हती, बारीक बारीक काटेरी झुडपांसारखी टोकं आत वाढलेली. शेवटचा द्रव तिथे अडकला होता आणि त्याला वरून धातू मिळाला नव्हता. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम गोठताना सहा-साडेसहा टक्के आकसतं, तेवढी जागा कुठून तरी भरून निघावी लागते. आमच्या मांडणीत गुणांक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच ठेवला होता, म्हणून तो सांधा कागदावर आधी गोठला आणि साच्यात सर्वांत शेवटी.

मग रायझर, म्हणजे आकसणाऱ्या भागाला द्रव धातू पुरवणारा साठा, कुठे बसवायचा ते आम्ही जुन्याच पद्धतीनं ठरवलं. घनफळ भागिले पृष्ठभाग, त्याचा वर्ग, त्या प्रमाणात गोठायला लागणारा वेळ. च्वोरिनोव्हचा १९४० चा नियम. आजही पहिला अंदाज त्यावरूनच घेतो.

---

डेंड्राइट

ओतकाम_जाणता, त्या पोकळीचं वर्णन वाचून फार बरं वाटलं, माझं सदस्यनाम त्याच झुडपांवरून घेतलंय.

पण तुमचा गुणांक आणि अर्धद्रवचा 'सी' यांत फरक आहे. तुमच्या गुणांकामागे खरी वस्तू आहे, ती हवेची फट. ती मोजता येते. 'सी'मागे काय आहे ते पाहू.

रोधाचं पद असं: 'सी' गुणिले घन-अंशाचा वर्ग, भागिले द्रव-अंशाचा तिसरा घात. छेदात शून्य येऊ नये म्हणून एक हजारांश मिळवतात. सेल पूर्ण द्रव असेल तर पद शून्य, पूर्ण घन असेल तर इतकं मोठं की वेग जवळपास शून्यच. सच्छिद्र पदार्थातून द्रव झिरपण्याचा कोझेनी-कारमन संबंध इथे उसना घेतलाय.

मिश्रधातूत हे उसनं घेणं योग्य आहे. तो एका तापमानाला गोठत नाही, काही अंशांच्या पट्ट्यात गोठतो, आणि त्या पट्ट्यात खरोखरच झुडपांचं जंगल आणि त्यातून झिरपणारा द्रव असतो. झिरपण्याची क्षमता झुडपांच्या फांद्यांमधल्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. ते अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतं, म्हणजे 'सी'ही ठरवता येतो.

शुद्ध गॅलियममध्ये मात्र असा लगद्याचा पट्टाच नाही. एका बाजूला घन, दुसऱ्या बाजूला द्रव. सीमेवरची अर्धवट वितळलेली सेल ही फक्त आपल्या जाळीमुळे आली. म्हणून तिथे 'सी' हा पदार्थाचा गुणधर्म नाहीच. मेश बारीक होत जाईल तसं उत्तरावरचं त्याचं वजन कमी होत जायला हवं. तसं होत नसेल तर दुसरी कुठलीतरी चूक 'सी' भरून काढतोय. फार लहान ठेवला तर घन भागही हळूहळू वाहायला लागतो. फार मोठा ठेवला तर जवळजवळ वितळलेल्या सेलमध्येही प्रवाह जखडतो आणि सीमा मागे रेंगाळते.

---

ओतकाम_जाणता

पटलं. ज्यामागे मोजता येण्यासारखं काही आहे तेच फिरवायचं. हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं.

---

काजवा

धागा सध्या मशी झोनमध्ये, म्हणजे त्या लगद्याच्या पट्ट्यात आहे. अर्धे प्रतिसाद ठोस, अर्धे प्रवाही, आणि तापमान न वाढता उष्णता आत चाललीय! :-) वाचतोय, थांबू नका.

---

लोलक

थोडं अवांतर. मी लेझरनं धातूची पूड वितळवून वस्तू घडवण्याच्या सिम्युलेशनवर काम करतो. तिथे वितळलेलं डबकं मिलिमीटरहून लहान आणि गोठण्याचा वेग सेकंदाला लाखो अंशांच्या घरात. तिथे उत्प्लावन (गरम द्रव हलका होऊन वर चढणं) नावालाच, सगळा कारभार पृष्ठताणाच्या हातात. द्रव जास्त पृष्ठताणाकडे ओढला जातो. शुद्ध लोखंडात तापमान वाढलं की पृष्ठताण कमी होतो, म्हणून द्रव मधून कडेला पळतो आणि डबकं पसरट, उथळ होतं. त्यात गंधक दशलक्षात काही डझन भाग एवढंच असलं तरी दिशा उलटते, द्रव कडेकडून मध्याकडे येऊन खाली घुसतो आणि डबकं खोल होतं. हाइपल आणि रोपर यांनी १९८२ मध्ये वेल्डिंगच्या संदर्भात हे दाखवलं.

हे इथे लिहिण्याचं कारण, माझं डबकं प्रयोगापेक्षा उथळ यायचं तेव्हा मीसुद्धा अगोदर लेझर किती शोषला जातो तो आकडा वाढवून जुळवलं होतं. खोली जुळली, रुंदी बिघडली. एकाच आकड्याशी जुळवून समाधान मानू नये, त्याच सिम्युलेशनमधलं दुसरं एखादं मोजमाप काढून तेही जुळतंय का ते बघावं.

---

मृदगंध

मी पॅराफिनसारख्या उष्णता साठवणाऱ्या पदार्थांवर काम करते. आमच्याकडे वेगळाच सापळा असतो, आणि तो कोडच्या बाहेर आहे.

पदार्थ कुठल्या तापमानाला किती उष्णता घेतो याचा वक्र आम्ही प्रयोगशाळेतल्या कॅलरीमीटरवरून घेतो. नमुना काही मिलिग्रॅमचा. मिनिटाला १० अंशांनी तापवला तर वितळण्याचा डोंगर रुंद दिसतो आणि वरच्या तापमानाकडे सरकतो. मिनिटाला अर्ध्या अंशानं तापवला तर तोच डोंगर अरुंद होतो. कारण पॅराफिनची वाहकता इतकी कमी, साधारण ०.२ च्या आसपास, की जलद तापवताना नमुन्याच्या आतलं तापमान मागेच राहतं. पदार्थ तोच. मग सिम्युलेशनमध्ये कुठला पट्टा घालायचा? मी पहिल्यांदा हाताला लागला तो वक्र घातला, आणि जी रुंदी मोजणीच्या घाईतून आली होती ती पदार्थाचा स्वभाव म्हणून वापरली.

दुसरं असं की वितळण्याचा वक्र गोठण्याला लावू नये. सोडियम अ‍ॅसिटेटचा जलयुक्त क्षार ५८ अंशांना वितळतो, पण थंड करताना खोलीच्या तापमानापर्यंत द्रवच राहू शकतो. मग एखादा कण पडला की क्षणात गोठतो आणि गरम होतो. आपले बहुतेक कोड द्रवणांक आला की निमूटपणे गोठवायला लागतात, त्यांना बीज लागत नाही. गॅलियमही असंच अतिशीत होणारं आहे, तेव्हा अर्धद्रव, पुढे गोठवण्याकडे वळलात तर हे ध्यानात असू द्या.

---

अर्धद्रव

सगळ्यांचे मनापासून आभार. सेलमागूनसेल, जमाखर्च मांडला.

भिंतींमधून आत आलेली निव्वळ उष्णता आणि पेटीत साठलेली उष्णता यांत १९ मिनिटांना १४ टक्क्यांचा फरक आहे. साठलेली जास्त! जेवढी उष्णता आलीच नाही तेवढं गॅलियम वितळलंय.

मग एका सेलचा माग काढला. भिंतीपासून नववी, मधल्या उंचीवरची. तिचं तापमान प्रत्येक पावलाला छापलं: २९.४१, २९.४७, २९.५२, ३०.०९. तुम्ही लिहिलेलं अक्षरशः तसंच. पट्ट्यात ती एकदाही थांबली नाही. शेजारची आठवी मात्र पट्ट्यात बराच वेळ होती. त्या चार आकड्यांकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. इतके महिने सीमा सरकण्याची रंगीत चित्रं बनवली आणि एका सेलचे आकडे कधी ओळीनं वाचले नव्हते.

आता कोड नव्यानं लिहितेय.

---

सेलमागूनसेल

अर्धद्रव, छान केलंत. आता तापमानाऐवजी एन्थॅल्पी मुख्य चल धरा. म्हणजे प्रत्येक सेलमध्ये एकूण उष्णता किती आहे ते साठवायचं आणि त्यावरून तापमान आणि द्रव-अंश काढायचे. उष्णता द्रवणांकाच्या पातळीखाली असेल तर घन. त्या पातळीपासून अप्रकट उष्म्याइतकी वर जाईपर्यंत तापमान २९.७८ वर अडकलेलं, त्यापलीकडे द्रव. सेलला उडी मारायला वाटच उरत नाही, कारण मोजदाद उष्णतेची आहे. व्होलर आणि प्रकाश यांनी १९८७ मध्ये ही पद्धत प्रवाहासकट मांडली, आणि १९८८ मध्ये ब्रेंट, व्होलर आणि रीड यांनी ती याच गॅलियमच्या पेटीवर लावली.

एक पथ्य पाळा. प्रत्येक टाइम स्टेपच्या आत द्रव-अंश आणि तापमान एकमेकांशी जुळेपर्यंत फेऱ्या मारा. 'तीन फेऱ्या पुरेत' असं ठरवून टाकू नका. आणि द्रव-अंश शून्य ते एकच्या बाहेर गेला म्हणून नुसता छाटला, तर छाटलेली उष्णता त्या सेलच्या तापमानात घालावी लागते, नाहीतर तीही हिशेबातून गळते.

---

खडूफळा

आणि त्या पेटीकडे जाण्याआधी प्रवाह बंद करून एकाच दिशेचं गणित सोडवा. त्याला नॉयमनचं अचूक उत्तर आहे, कागदावर काढता येतं. त्याच्याशी जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिथे एक गोष्ट दिसेल, घाबरू नका. वितळलेल्या भागातल्या एका ठिकाणचं तापमान वेळेनुसार काढलं तर गुळगुळीत वक्राऐवजी जिना दिसतो. थोडा वेळ सपाट, मग चढ, पुन्हा सपाट. सीमा ज्या सेलमध्ये आहे ती पूर्ण वितळेपर्यंत तापमान अडकून राहतं, मग सीमा एकदम पुढच्या सेलमध्ये जाते. पायऱ्या मोजल्या तर सीमेनं किती सेल ओलांडल्या तेही कळतं. मेश बारीक केली की पायऱ्या लहान होतात. हा जिना या पद्धतीचा अंगभूत आहे, कोडमधली चूक नव्हे.

---

अर्धद्रव

तीन आठवड्यांनी परत येतेय.

एका दिशेचं गणित नॉयमनशी जुळलं. जिनाही दिसला, पायऱ्या मोजल्या, बरोबर आल्या. मग पेटी. जमाखर्चातला फरक आता ०.२ टक्क्यांच्या आत आहे.

पण नवीनच प्रकार झालाय. ४२ बाय ३२ च्या जाळीवर द्रवात एकच मोठा भोवरा येतो आणि सीमा प्रयोगासारखी दिसते. जाळी चौपट बारीक केली तर सुरुवातीच्या मिनिटांत एकावर एक असे चार भोवरे येतात, सीमा नागमोडी होते, मग ते एकमेकांत मिसळत जातात. प्रयोगात अशी नागमोड नाही. म्हणजे उत्तर बारीक मेशवर बिघडलं का? हिशेब तर दोन्हीकडे जुळतोय.

---

सेलमागूनसेल

बिघडलं नाही. तुम्ही एका जुन्या वादाच्या दारात उभ्या आहात. १९८८ च्या त्या कामातली जाळीही ४२ बाय ३२ चीच होती आणि त्यात एकच भोवरा होता. डँटझिग यांना १९८९ मध्ये अनेक भोवरे दिसले. मग वर्षानुवर्षं लोक भांडत राहिले की खरं कुठलं. पुढे बारीक जाळ्यांवर, वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा तपासलं तेव्हा कळलं की या द्विमितीय समीकरणांचं खरं उत्तर अनेक भोवऱ्यांचंच आहे. जाड जाळी त्यांना पुसून टाकते. तेव्हा जाड जाळीचं प्रयोगाशी जुळणं हा योगायोग होता.

---

डेंड्राइट

आणि प्रयोगाकडेही नीट बघायला हवं. गॅलियम अपारदर्शक, आत डोकावता येत नाही. त्यामुळे त्या प्रयोगात ठरावीक वेळी द्रव ओतून टाकून उरलेल्या घनाचा आकार मोजला गेला. कॅम्पबेल आणि कोस्टर यांनी १९९४ मध्ये क्ष-किरणांनी गॅलियमची सीमा चालू प्रयोगातच पाहिली, ती पद्धत वेगळी.

शिवाय खरी पेटी त्रिमितीय असते, पुढच्या-मागच्या भिंती प्रवाहाला ओढून धरतात. भिंत ३८ अंशांवर एका क्षणात पोचत नाही, तुमच्या कोडमध्ये पोचते. आणि घन गॅलियमची वाहकता स्फटिकाच्या दिशेनुसार पाचपटीहून जास्त बदलते, आपण एकच आकडा घालतो. यातलं काहीही 'सी' फिरवून भरून निघणार नाही. एकेक गोष्ट मांडणीत घालायची आणि फरक बघायचा.

---

अर्धद्रव

'सी'ची चाचणीही केली. सर्वांत बारीक जाळीवर एक लाख, दहा लाख आणि एक कोटी घेतले तर १९ मिनिटांच्या सीमेत एका सेलपेक्षा कमी फरक पडतो. पूर्वी याच आकड्यानं सीमा अर्धा सेंटिमीटर हलायची.

मार्गदर्शकांना त्या नवव्या सेलचे चार आकडे छापून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, प्रबंधात पहिली आकृती जमाखर्चाची असू दे. पुढचं पाऊल त्रिमितीय पेटी.

---

ओतकाम_जाणता

मी तयार सॉफ्टवेअर वापरतो, कोड दिसत नाही. मला हा जमाखर्च करता येईल का?

---

सेलमागूनसेल

येईल. साच्याच्या पृष्ठभागावरून गेलेली उष्णता आणि धातूचं सरासरी तापमान व द्रव-अंश, हे वेळेनुसार फाइलमध्ये काढून घ्या. बाकी बेरीज तक्त्यात होते. द्रव-अंश मिळत नसेल तर पूर्ण गोठल्यानंतरचा एकच हिशेब करा: ओतल्यापासून तिथवर धातूनं किती उष्णता द्यायला हवी होती आणि साच्यात किती पोचली.

---

ओतकाम_जाणता

सोमवारी बसतो. त्याच सांध्यावर करून बघतो आणि इथेच लिहितो.

---

काजवा

मंडळी, खडूफळा सरांचा बर्फ मी स्वतः गोठवला! चाळीस ओळींचा कोड, एन्थॅल्पीवाली पद्धत, एक मिलिमीटरच्या सेल. पहिल्यांदा टाइम स्टेप एक सेकंदाची घेतली तर आकडे वर-खाली उसळून भरकटलेच. वाचल्यावर कळलं की एवढ्या सेलला अर्ध्या सेकंदाच्याही आत राहावं लागतं. ०.४ घेतल्यावर शांत झालं.

पण सर, तुमच्या सूत्रानं चोवीस तासांत ११.१ सेंमी येतात आणि माझे ११.० आले. एक मिलिमीटर कुठे गेला? जमाखर्च जुळतोय, तीनदा तपासला.

---

खडूफळा

काजवा, तुमचंच उत्तर बरोबर आहे. नॉयमनचं अचूक गणितही ११.० च देतं. माझ्या सोप्या सूत्रात फक्त गोठण्याची उष्णता धरलीय. पण झालेला बर्फ शून्यावर थांबत नाही, वरचा थर उणे १० पर्यंत जातो, सरासरी उणे ५ धरा. त्याला तेवढं थंड करायलाही किलोमागे सुमारे साडेदहा किलोज्यूल बाहेर जावे लागतात, आणि ते माझ्या सूत्रात कुठेच नाहीत. तुमच्या कोडनं ते मोजले.